पावणेदोनात अर्धे किती?

शिक्षण परिषदेची विषयपत्रिका ठरवणाऱ्या केंद्रप्रमुखांना, विस्तार अधिकाऱ्यांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

गेली एकवीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या, दर महिन्याला होणाऱ्या शिक्षण परिषदेतले दोन तास मला तुमच्याकडे मागायचे आहेत, एकमेकांचा पाठ बघून त्यावर बोलण्यासाठी. मागणी एवढीच आहे, पण ती नुसती मांडली तर 'बघू' म्हणून बाजूला पडेल. म्हणून ती का करते आहे, ते सविस्तर लिहिते.

आधी एक उदाहरण सोडवून पाहा. १ ३/४ ÷ १/२. कागदावर अर्धं मिनिट पुरतं. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचे ७/४ करायचे, भाजक उलटा करायचा, गुणायचं, आले ७/२, म्हणजे ३ १/२. आता याच भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण रचा, रोजच्या व्यवहारातलं. इथे पेन थांबतं. माझंही थांबलं होतं.

लिपिंग मा या संशोधिकेनं हाच प्रश्न अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. तिचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चीनमधल्या सर्वच्या सर्व शिक्षकांनी भागाकार बरोबर केला आणि त्यांतल्या ६५ जणांनी त्यावर अर्थाला धरून उदाहरण रचलं. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांना भागाकारच पूर्ण बरोबर जमला नाही, आणि नेमकं उदाहरण रचता आलं ते एकाला. बाकीच्या अनेकांनी पावणेदोन पोळ्या दोघांत वाटल्या, म्हणजे अर्ध्यानं भागायच्या ऐवजी दोननं भागलं. अमेरिकेतले हे शिक्षक पदवीधर होते. चीनमधले बहुतेक जण नववीनंतर दोन-तीन वर्षांचा अध्यापनाचा अभ्यासक्रम करून आलेले, आपल्या जुन्या डी.एड.सारखे. या अभ्यासात मला धीर देणारी गोष्ट हीच वाटते. फरक पदवीचा नव्हता. चीनमधले शिक्षक पाठ्यपुस्तकाचा एकेक धडा सहकाऱ्यांबरोबर बसून, उलटसुलट बोलून अभ्यासत आले होते. 'अर्धी दोरी पावणेदोन मीटर भरली, तर अख्खी दोरी किती?' असं त्यांच्यातले कितीतरी जण सहज सांगत होते.

मी पहिल्यांदा हा प्रश्न वाचला तेव्हा मीही भाकरीच दोघांत वाटली होती. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात फळ्यावर काहीही न लिहिता विचारलं, "पावणेदोन लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती भरतील?" जिच्या घरी संकलन केंद्रावर दूध जातं ती मुलगी मान वरही न करता म्हणाली, "साडेतीन." मग तेच फळ्यावर मांडलं. तिनं ते 'एक पूर्णांक तीन छेद चार भागिले एक छेद दोन' असं वाचलं, वहीत ७/४ चे ४/७ केले आणि अडकली. एक पूर्णांक तीन छेद चार म्हणजेच पावणेदोन, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सातव्या इयत्तेपर्यंत कुणीच नाही, आणि त्यात मीही आले.

पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच! अपूर्णांकांना इतके सुटसुटीत शब्द ज्या भाषेत आहेत, ज्या भाषेत कालपरवापर्यंत मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणत होती, त्या भाषेतल्या मुलांना अपूर्णांक परका वाटतो. हे मनाला लागतं. आणि हे एकट्या माझ्या वर्गाचं नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकाला मनातल्या मनात हिशेब करून अचूक सुटे परत देणारी ही मुलं शाळेसारख्या मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडखळली. शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं झालं: कागदावर जमलं, बाजारातला हिशेब जमला नाही. एकाच देशात दोन गणितं नांदताहेत आणि मधला पूल बांधायचं काम आपलं, म्हणजे शिक्षकांचं आहे.

आंतरराष्ट्रीय चाचणी म्हटलं की आपल्याकडे आधी क्रमांक विचारला जातो. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या 'पिसा' या चाचणीत भारतानं आजवर एकदाच भाग घेतला, तोही तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या दोन राज्यांपुरता. डिसेंबर २०११ मध्ये निकाल आला. ७४ देश-प्रदेशांच्या यादीत ही दोन राज्यं आणि किरगिझस्तान तळाच्या तीन जागांवर होते. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नव्हते, असं सांगून आपण पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडलो. पुढे २०२१ च्या फेरीसाठी चंदीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयं उतरायची ठरली. कोविडमुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि भारत तिच्यात उतरलाच नाही. गणित आणि विज्ञानाची 'टिम्स' चाचणी १९९५ पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीसाठी होते. तिच्यात तर आपण नाहीच.

क्रमांकाचं दुःख मला फारसं नाही. मुलांना काय येत नाही, हे सांगायला परदेशी चाचणी लागत नाही. 'असर'चं २०२४ चं ग्रामीण सर्वेक्षण सांगतं की देशात पाचवीतल्या ३०.७ टक्के आणि आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येतं. दुःख आहे ते वेगळंच. क्रमांकाच्या वादात या अभ्यासांमधला सगळ्यात कामाचा भाग आपल्या शिक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. तो भाग म्हणजे वर्गात प्रत्यक्ष काय घडतं, याचं चित्रीकरण.

१९९५ च्या 'टिम्स'बरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांत आठवीच्या गणिताच्या २३१ तासिका कॅमेऱ्यानं टिपल्या गेल्या. जेम्स स्टिग्लर या मानसशास्त्रज्ञानं या कामाचं नेतृत्व केलं. निवडक आदर्श शाळा नव्हत्या, देशभरातून नमुना पद्धतीनं काढलेले साधे वर्ग होते. मुलं जागेवर बसून स्वतः काम करतात त्या वेळात ती काय करतात, हे मोजलं गेलं. जपानमध्ये या वेळातला सुमारे ४४ टक्के वेळ मुलं स्वतःची रीत शोधण्यात घालवत होती. जर्मनीत हा वेळ साधारण ४ टक्के निघाला आणि अमेरिकेत एक टक्काही नाही. तिथे जवळजवळ सगळा वेळ शिक्षकानं दाखवलेल्या रीतीचा सराव चालू होता. आपल्याकडे हे कुणी मोजलं तर आकडा कुठे जाईल, ते मला माझ्या वहीतल्या टाचणांवरून कळतं.

यावरून 'चला, आता जपानी पद्धत राबवू' असा आदेश काढायचा मोह होईल. तो आवरा, कारण त्याच मंडळींनी पुढे केलेला अभ्यास तसं म्हणू देत नाही. १९९९ च्या फेरीत ऑस्ट्रेलिया, झेक प्रजासत्ताक, हाँगकाँग, जपान, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिका या सात देशांतल्या ६३८ तासिका तपासल्या गेल्या. हाँगकाँगची मुलं जपानच्या तोडीस तोड गुण मिळवतात. पण तिथला वर्ग पाहिला तर शिक्षक बोलतो, मुलं ऐकतात, आणि बहुतेक उदाहरणं सरळ रीत वापरून सोडवायची असतात. अगदी आपल्यासारखं. मग गुण कशातून येतात?

संशोधकांनी प्रत्येक उदाहरण दोनदा तपासलं. एकदा ते पुस्तकातून किंवा फळ्यावरून मुलांसमोर आलं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ते सोडवून झालं तेव्हा. विचार करायला लावणारी, दोन कल्पनांचं नातं शोधायला लावणारी उदाहरणं जपानमध्ये निम्म्याहून अधिक होती. हाँगकाँगमध्ये ती १३ टक्के होती आणि अमेरिकेत १७ टक्के. म्हणजे अमेरिकेत हाँगकाँगपेक्षा जास्तच. पण सोडवताना त्यांचं काय झालं? जपान, हाँगकाँग आणि झेक प्रजासत्ताकात अशी जवळपास निम्मी उदाहरणं शेवटपर्यंत विचाराचीच राहिली. अमेरिकेत जवळजवळ एकही राहिलं नाही. मूल अडलं की शिक्षक पुढे आला, पहिली पायरी सांगितली, मग दुसरी, आणि विचाराचं उदाहरण बघता बघता आकडेमोडीचं झालं.

मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ वही मिटून बसले होते. पुस्तक बदललं, आराखडा बदलला, पॅटर्न बदलला, तरी पुस्तकातला चांगला प्रश्न वर्गात येऊन मरतो तो याच जागी, आणि मारणारा हात दयेपोटी पुढे आलेला असतो.

हे मी माझ्या वर्गात डोळ्यांनी पाहिलं, तो प्रसंग सांगते. १९९५ च्या जपानी चित्रीकरणात भूमितीची एक तासिका आहे. दोघांच्या जमिनी शेजारी शेजारी, मधली हद्द वाकडी. ती सरळ करायची, पण दोघांचंही क्षेत्रफळ तेवढंच राहिलं पाहिजे. आपल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. बांधाचे वाद त्यांच्या घरात आहेत. आमच्या आसपासच्या चार शाळांतले आम्ही पाच जण एकत्र आलो आणि हा पाठ बांधला. एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, माझ्या आठवीवर तो घ्यायचा ठरला. बाकीच्या चौघांतल्या दोघांनी त्यासाठी किरकोळ रजा टाकली, हे मुद्दाम नोंदवते.

वर्गात २६ मुलं. फळ्यावर मोठा आयत, मध्ये वाकडा बांध. वरच्या कडेला 'अ', मधल्या वळणावर 'ब', खालच्या कडेला 'क'. "कुणाचीही गुंठाभर जमीन कमी-जास्त होता कामा नये," असं सांगून मी गप्प बसले. पहिलं उत्तर आलं, "बाई, मोजणी आणायला लागंल." दुसऱ्यानं अंदाजानं मधोमध सरळ रेघ मारली. कुणी पट्टी घेऊन मोजायला लागलं. कुणी नुसतं शेजाऱ्याच्या वहीत बघत होतं. वर्ग शांत होता आणि ती शांतता मला सोसवेना. चार मिनिटांनी मी म्हणाले, "अ आणि क जोडा. आता ब मधून त्या रेघेला समांतर रेघ काढा. ती खालच्या कडेला मिळेल तो बिंदू ड. अ आणि ड जोडला की झाला सरळ बांध." सगळ्यांनी काढलं. एकाच पायावरचे, दोन समांतर रेघांमधले त्रिकोण, क्षेत्रफळ समान. पुस्तकातला गुणधर्म मी वाचून दाखवला, मुलांनी माना डोलावल्या. पाठ छान झाला असं मला वाटलं.

पाठ संपल्यावर आम्ही बसलो. शेवटच्या बाकाजवळ बसलेल्या सहकाऱ्यानं त्याच्या कागदावर लिहिलं होतं: 'चौकटीच्या वहीवर हिनं वळणाचा त्रिकोण रंगवलाय. गेलेले चौकोन आणि आलेले चौकोन मोजतेय. सहा गेले, पाच आले, असं पुटपुटली. रेघ जरा सरकवली. बाई बोलल्या. हिनं सगळं खोडलं आणि फळ्यावरचं उतरवून घेतलं.'

एकवीस वर्षांत मला कुणी माझ्या पाठाबद्दल इतकं मोलाचं काही सांगितलेलं नाही. ती मुलगी मी अप्रगत म्हणून नोंदवलेली होती.

तीन आठवड्यांनी तोच पाठ दुसऱ्या शाळेत दुसऱ्या सहकाऱ्यानं घेतला. आमच्या पाचही जणांच्या दुरुस्त्या घालून. चौकटीचा कागद सगळ्यांना दिला, आणि अकरा मिनिटं तो बोलला नाही. बाकांमधून फिरत राहिला, कोण काय करतंय ते डोक्यात टिपत राहिला. मग तीन मुलांना क्रमानं फळ्यावर बोलावलं: आधी चौकोन मोजणारा, मग कागद कापून जुळवणारी, मग समांतर रेघेच्या जवळ पोहोचलेला. फळा पुसला नाही. तिन्ही रीती शेजारी शेजारी राहिल्या आणि मुलं त्यांच्याकडे बोट दाखवून बोलायला लागली. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, पण वळणात आंब्याचं झाड असलं, तर ते कुणाकडं जाईल?" क्षेत्रफळ सारखं असलं तरी जमीन सारखी असतेच असं नाही, हे तिनं आम्हाला शिकवलं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

जपानी शिक्षकांच्या बोलीत या सगळ्याला शब्द आहेत. फळा न पुसता पूर्ण पाठाचा विचार त्यावर दिसत ठेवणं म्हणजे 'बानशो'. बाकांमधून फिरत कुणाची रीत पुढे आणायची ते हेरणं म्हणजे 'किकान-शिदो'. मुलांच्या वेगवेगळ्या रीती एकमेकींवर घासून विचार वर नेणं म्हणजे 'नेरिआगे', कणीक तिंबावी तसं. ज्या कामाचे बारकावे बघितले जातात, त्या कामाला शब्द मिळतात. शेतीच्या, विणकामाच्या, स्वयंपाकाच्या बारकाव्यांना आपल्याकडे केवढे शब्द आहेत! वर्गातल्या कामाला मात्र आपल्याकडे 'प्रभावी अध्यापन' आणि 'आनंददायी शिक्षण' असे शब्द आहेत, आणि त्यांतून नेमकं काय करायचं ते कळत नाही.

आमच्या पाच जणांनी जे केलं त्याला जपानमध्ये 'ज्युग्यो केन्क्यू' म्हणतात, पाठ-अभ्यास म्हणू आपण. तिथे तो मेइजी काळापासून, शंभरहून अधिक वर्षं चालत आलेला आहे. काही शिक्षक मिळून एक घटक घेतात, पुस्तक बारकाईनं वाचतात, मुलं कुठे काय उत्तर देतील याचा आधीच अंदाज बांधतात. एक जण पाठ घेतो, बाकीचे बघतात. बघतात ते मुलांकडे, शिक्षकाकडे नाही. नंतर चर्चा होते ती पाठाची. पाठ सगळ्यांचा असतो, त्यामुळे कुणा एकाला कमीपणा येत नाही.

आपल्याकडे वर्गात मागे बसायला येतात ते साहेब. टाचण पाहिलं जातं, हजेरीपट पाहिला जातो, भिंतीवरचे तक्ते पाहिले जातात, शेरेबुकात शेरा पडतो आणि खाली शिक्का. मुलांच्या वहीत वाकून फारसं कुणी पाहत नाही. त्यामुळे मागे कुणी बसलं की शिक्षक आखडतो आणि आधी पाठ करून घेतलेली उत्तरं मुलांकडून वदवतो. मी कुणा अधिकाऱ्याला दोष देत नाही. तुमच्या हातात जो तक्ता येतो त्यात हेच रकाने असतात.

विज्ञानाचंही थोडं सांगते. १९९९ च्या फेरीत पाच देशांतल्या आठवीच्या विज्ञानाच्या ४३९ तासिकाही टिपल्या गेल्या होत्या. अमेरिकी वर्गांत हातानं करायच्या कृती भरपूर होत्या, पण त्या कृतीतून कोणती कल्पना पुढे न्यायची, याचा धागा पुष्कळदा सापडत नव्हता. जपानी तासिकेत कल्पना थोड्याच, पण प्रयोगातल्या निरीक्षणांवरून त्या सावकाश उभ्या राहिलेल्या. झेक वर्गात प्रयोग कमी, मजकूर जड, आणि मुलांना फळ्यापाशी उभं करून तोंडी विचारणं. तरी तिथली मुलं चांगले गुण मिळवत होती, कारण कल्पना एकमेकींना जोडलेल्या होत्या.

हे वाचून मला माझा हळदीचा प्रयोग आठवला. दर वर्षी मी हळदीत भिजवून वाळवलेले कागद वाटते, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल होतात, मुलं हरखतात, फोटो निघतो, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जातो, अंगठे येतात. पुढे काय? 'आम्लारीत हळद लाल होते' हे वाक्य वहीत. यंदा मी तोच प्रयोग वेगळा केला. साबण, चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा, चिंचेचा कोळ, ताक, लिंबू अशा सहा वाट्या मांडल्या आणि आधी अंदाज लिहायला लावला. कोणते लाल करतात, कोणते नाही, दोन ढीग करा. मग लाल झालेल्या कागदावर लिंबू पिळायला सांगितलं. कागद परत पिवळा झाला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे लिंबानं साबणाला हरवलं." उदासीनीकरण हा शब्द मी त्याच्यानंतर फळ्यावर लिहिला. साहित्य तेच, खर्च तोच. प्रश्नांचा क्रम तेवढा बदलला.

हे आपल्या मातीत होऊ शकतं, पूर्वी झालंही आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला आणि तीस वर्षं सरकारी शाळांमध्ये टिकला. २००२ साली तो बंद करण्यात आला. त्या कार्यक्रमाचा कणा होता शिक्षकांच्या मासिक बैठका. तिथे शिक्षक वर्गात आलेल्या अडचणी घेऊन बसत आणि त्यावरून पुस्तकात बदल होत. म्हणून 'हे जपानचं आहे, आपल्याला जमणार नाही' असं म्हणू नका.

आणि परदेशाचं सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. पूर्व आशियातली मुलं गुणांत वर असली, तरी गणित आवडतं म्हणणारी, गणितात आत्मविश्वास वाटणारी मुलं तिथे कमी सापडतात, आणि शाळेनंतर शिकवण्यांचा भार त्यांच्यावर आहे. फिनलंडचं नाव तर आपल्याकडे प्रत्येक प्रशिक्षणात निघतं. त्याच फिनलंडचे 'पिसा'तले गणिताचे गुण २००६ साली ५४८ होते, २०२२ साली ४८४ झाले. एखाद्या देशाची नक्कल करायला निघालो, तर आपण पोहोचेपर्यंत तो देशच दुसरीकडे गेलेला असतो.

वरून आलेला चांगला विचारही वर्गात तपासला गेला नाही तर काय होतं, हे आपण २०१९ साली पाहिलं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' असं वाचन सुचवलं गेलं आणि राज्यभर गदारोळ झाला. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा-एक', त्यामुळे तिथल्या लहान मुलांना दहाच्या पुढे मोजताना कमी अडखळायला होतं, हे आंतरराष्ट्रीय तुलनांतून दिसलेलं आहे. नॉर्वेनं तर १९५१ साली संसदेच्या ठरावानं देशातली संख्यावाचनाची रीत बदलली होती. आपल्या 'एकोणतीस'पाशी मूल का थबकतं, 'त्रेपन्न' ऐकून ३५ का लिहितं, हे पहिली-दुसरीच्या प्रत्येक बाईंना माहीत आहे. मला स्वतःला एकवीस, बावीस टिकावेत असंच वाटतं. पण जोडीला 'वीस आणि एक' म्हणवून घेतलं तर दशक-एकक कळायला मदत होते, हेही मी पाहिलंय. ही चर्चा वाहिन्यांवर रंगली. त्या महिन्यातल्या आमच्या शिक्षण परिषदेत तिला पाच मिनिटंही मिळाली नाहीत. पोर्टलवर माहिती भरण्याची मुदत जवळ आली होती.

तर मागणी अशी. शिक्षण परिषदेची तारीख ठरलेली असते, जागा ठरलेली असते, शिक्षक आलेले असतात. ती अशा शाळेत घ्या जिथे त्या दिवशी मुलं आहेत. सूचना, परिपत्रकं, लिंक हे सगळं गटावर आधीच टाकता येतं, परिषदेत वाचून दाखवू नका. पहिली चाळीस मिनिटं एका शिक्षकानं खऱ्या वर्गावर, खऱ्या घटकाचा पाठ घ्यावा. तो पाठ तीन-चार जणांनी आधी मिळून बांधलेला असावा. बाकीच्यांनी दोन-दोन मुलांच्या जवळ बसावं आणि मुलं काय बोलली, काय लिहिलं, काय खोडलं तेवढं टिपावं. मग तासभर त्यावरच बोलावं. पुढच्या महिन्यात तोच पाठ, दुरुस्त करून, दुसऱ्या शाळेत.

याला उपक्रमाचं नाव देऊ नका, ही कळकळीची विनंती. नाव दिलं की अहवाल येतो, अहवाल आला की फोटो येतात, आणि मग पाठ फोटोसाठी होतो. चांगल्या पाठाचा नमुना पुण्याहून छापून आणून सगळ्यांना वाटूही नका. तयार पाठ हातात आला की आम्ही तो तसाच वाचून दाखवू, आणि मुलांच्या वहीत वाकून बघायचं काम पुन्हा राहून जाईल. एक पानभर नोंद केंद्रात ठेवली तरी पुरे. पाच वर्षांनी अशा नोंदींची फाइल झाली, तर अपूर्णांक, दशांश, क्षेत्रफळ यांत मुलं नेमकी कुठे अडतात, याचं आपल्या तालुक्याचं स्वतःचं ज्ञान आपल्याकडे असेल. सिंगापूरच्या शिक्षकाला वर्षाला शंभर तास स्वतःच्या शिकण्यासाठी हक्कानं मिळतात. मी महिन्याला दोन मागते आहे, तेही आधीच ठरलेल्या वेळातून.

तुम्हीही एकेकाळी वर्गावर होतात. अकरा मिनिटं गप्प राहणं किती कठीण असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून पहिला पाठ तुमच्यापैकीच कुणी घेतला, तर शिक्षकांचं निम्मं दडपण त्या दिवशीच उतरेल. साहेबांचा पाठ रंगला नाही आणि तरी त्यावर मोकळेपणानं बोलता आलं, एवढं एकदा घडलं की पुढच्या महिन्यात हात वर करायला कुणी लाजणार नाही.

आमचा पुढचा पाठ सातवीचा आहे: अपूर्णांकांचा भागाकार, पावणेदोन लिटर दुधापासून सुरुवात. 'भाजक उलटा करा' हे वाक्य कुणी कधी आणि कसं म्हणायचं, की मुलांकडूनच येऊ द्यायचं, यावर आम्हा पाच जणांचं अजून एकमत झालेलं नाही. माझं म्हणणं, मुलांनी आधी पिशव्या भराव्यात, अर्ध्यात दोन पाव बसतात हे हातानं पाहावं. दुसरा सहकारी म्हणतो, दोरीपासून सुरुवात करू. तुमच्यापैकी कुणी या वादात भर घालायला आलं, तर शेवटच्या बाकाशेजारी एक खुर्ची मोकळी ठेवली आहे.

आपली नम्र,
जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेतील एक गणित-विज्ञान शिक्षिका